उशिरा चढलेली रेष

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मनातल्या मनात ही एक जागा गाळून पुढं जाते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय. यात धैर्य वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्याबद्दल लोक जे सांगतात ते ऐकायला छान आहे. ऊसतोड्याची पोर, घरातली पहिली पदवीधर, नगरच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर, विषाणूच्या चाचणीतलं प्लास्टिक वाचवणारी. शेवगावच्या पुढं आमचं गाव. तिथं फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. गालाला लाली फासलेली, खाली अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे माझ्यापेक्षा मोठे. त्यातल्या एकालाही मी काय करते ते सांगता आलं नसतं. पण मी त्यांना हसले, आणि शाल घेतली. खोटं एकट्यानं बोलता येतं, मोठं व्हायला मात्र त्याला असे लोक लागतात.

आधी घरचं सांगते. दया यावी म्हणून नाही — दया मला लहानपणापासून आवडत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायचं. आई-बाप कारखान्यावर. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे माझी आई त्याच्या लेखी अर्धी. सुरुवातीला मीही जायचे त्यांच्याबरोबर. पाचटाची कोप, म्हणजे झोपडी, दारात चूल, आणि थंडीत फडात ऊस सोलून आईच्या हाताला पडलेल्या भेगा. आई काही टाकायची नाही. तेलाची पिशवी, दुधाची पिशवी, खताची गोणी — सगळं सोड्यानं धुऊन, उलटं करून दोरीवर वाळत. शाळेत पावसाची खोळ म्हणून मी युरियाची गोणी पांघरून जायचे. पाठीवर छापलेली अक्षरं धुऊन धुऊन पुसट झालेली, पण वाचता यायची. पोरं वाचायचीही, मोठ्यानं.

पुढं मला गावात ठेवलं ते सखूमावशीनं. ती आईची बहीण नव्हती, शेजारीण होती. तिचा पोरगा तेव्हा मोठा होऊन कामाला लागलेला. "पोरीला हितंच ठिव, माझ्याजवळ," ती आईला म्हणाली. "दोन भाकरी जास्तीच्या थापल्यानं माझं काय हात मोडत न्हाईत." सहा-सहा महिने मी तिच्याकडं वाढले. मी शिकले ती तिच्या भाकरीवर. भाषणात मी 'आईवडिलांचे कष्ट' म्हणते. टाळ्यांसाठी ते सोयीचं पडतं. सखूमावशीचं नाव मी कुठल्याच भाषणात घेतलेलं नाही. का — ते पुढं कळेल.

सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन शिकले. नगरला नोकरी लागली. आता शहराला अहिल्यानगर म्हणतात, माझ्या तोंडात मात्र नगरच बसलंय. मग करोना आला आणि आमच्या प्रयोगशाळेत दिवसरात्र नमुने यायला लागले.

काम थोडक्यात सांगते. घशातला स्वॅब येतो, त्यातून विषाणूचा अंश — आरएनए — काढायचा, यंत्रात घालायचा. पडद्यावर रेष उमटते. विषाणू भरपूर असला की रेष लवकर चढते. थोडा असला की उशिरा. नसला की सपाट. प्रत्येक वेळी द्रव उचलायला प्लास्टिकची छोटी निमुळती टिप लागते, आणि ती एकदा वापरून फेकायची. एका नमुन्यामागं किती टिपा जातात ते तुम्ही पाहिलं नाही. लाल पिशव्यांचे ढीग लागायचे मागच्या अंगणात. सगळं जाळायला जायचं.

दुसऱ्या लाटेत टिपा मिळेनाशा झाल्या. साहेब फोनवर ओरडायचे, पुरवठादार फोन उचलायचा नाही. तेव्हा मी म्हणाले, धुऊ या. ब्लीचमध्ये बुडवायच्या, त्यानं विषाणूचा अंशही मोडतो, मग शुद्ध पाण्यानं खळबळून, वाफेच्या कुकरमधून काढून, वर अतिनील दिव्याखाली. शिवाय पाच नमुने एकत्र करून आधी एकदाच चाचणी करायची, म्हणजे सामान पाचपट पुरतं. पाचांच्या एकत्र नळीत रेष सपाट आली की पाचही निगेटिव्ह. जराही चढली की पाचही जण वेगवेगळे पुन्हा तपासायचे. एकत्र केल्यानं विषाणू पातळ होतो, म्हणून उशिरा चढलेली रेषसुद्धा सोडायची नाही. हा नियम. मीच लिहून भिंतीवर लावलेला.

आमच्यातला एक जण पुण्याहून आलेला होता. तीन पिढ्या शिकलेलं घर. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात ना? दोरी बांधू का इथं?"

सगळे हसले. साहेबही हसले. मीही हसले — ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

त्या दिवसापासून टिपा म्हणजे टिपा राहिल्या नाहीत. युरियाची गोणी झाल्या. त्या स्वच्छ निघतात हे सिद्ध करणं म्हणजे माझी आई अर्धी नाही हे सिद्ध करणं, असलं काहीतरी खूळ माझ्या डोक्यात बसलं. खूळच. त्या पुणेकराची मला कीव येते. त्याला घरात आयतं मिळालेलं शहाणपण स्वतःचं वाटत होतं. पण त्याच्या एका फालतू विनोदावर जी आपली अक्कल गहाण टाकते, तिची काय लायकी?

एप्रिलात पट्टा पडला. म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं आणि ऊसतोड्यांच्या टोळ्या गावाकडं निघाल्या. आमच्या गावानं ठराव केला: टोळीनं गावाबाहेरच्या शाळेत थांबायचं, तपासणी होऊन निगेटिव्ह रिपोर्ट आले की आत यायचं. वर्षभर ज्यांच्या घामाच्या साखरेचा चहा प्यायला, त्यांना वेशीवर उभं करताना कुणाची मान खाली गेली नाही. सखूमावशी त्या वर्षी नातवाला सांभाळायला पोराच्या कोपीवर गेली होती. टोळीबरोबर तीही शाळेत अडकली.

नमुने आमच्याकडंच आले. मीच घेतले करायला. आपल्या गावचे म्हणून.

पाचांच्या एका नळीत सखूमावशीचा नमुना होता. ती रेष जवळजवळ शेवटपर्यंत सपाट गेली. आणि मग, अगदी शेवटाला, उचलली. थोडीशीच. झोपलेल्या माणसानं अंगावरचं पांघरूण जरा हलवावं तशी.

नियम मला माहीत होता. पाचही जण वेगवेगळे तपासायचे. मग मी का थांबले?

कारण दोनच शक्यता होत्या. एक, पाचांतल्या कुणाला तरी लागण आहे. दुसरी, धुतलेल्या एखाद्या टिपेत आधीच्या कुणाचा तरी अंश राहिला आणि तोच इथं बोलतोय. पुन्हा तपासलं, आणि पाचही सपाट निघाले, तर? तर टिपा घाण. तर दोरी बांधा, मॅडम. तो पुण्याचा शेजारच्या टेबलावर बसलेला होता. माझ्या पडद्यावर त्याची नजर सहज जात होती.

आता हेही सांगते, कारण इथं लपवलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. प्रत्येक फेरीत आम्ही एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालतो. कुठं घाण शिरली असेल तर बहुतेक वेळा त्या पाण्याचीही रेष चढते. त्या दिवशी पाण्याची रेष ठार सपाट होती. म्हणजे टिपा स्वच्छ असण्याचीच शक्यता जास्त. हे मला दिसत होतं. ते बघायला पदवी लागते आणि ती माझ्याकडं होती. तरी मी स्वतःला म्हणाले — एखादीच टिप असेल, पाण्याच्या वाट्याला आली नसेल.

पाचही जणांचा निगेटिव्ह रिपोर्ट मी पाठवून दिला. साहेबांनी न बघता सही केली. ते कुठलीच सही बघून करत नाहीत, पण तो त्यांचा दोष. तो माझ्या दोषात मिसळून मला माझा पातळ करायचा नाही.

गावानं टोळीला आत घेतलं. आमच्याच गावचा दिलीप दूधगाडी चालवायचा. वस्त्यांवरचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर न्यायचा. उन्हातान्हात म्हातारी कुठं चालत जाईल म्हणून त्यानं सखूमावशीला शाळेपासून वस्तीपर्यंत गाडीत घेतलं, पुढं, स्वतःच्या शेजारी. गाणी लावून. असं मला नंतर सांगण्यात आलं, गाण्यांसकट — जणू गाणी लावणं हासुद्धा गुन्हा.

त्या आठवड्यातच सखूमावशीला धाप लागली. नगरला आणेपर्यंत उशीर झाला होता. खाट मिळाली, ऑक्सिजन मिळेपर्यंत ती गेली. रिपोर्ट खरा गेला असता तर ती शाळेतूनच दवाखान्यात गेली असती. वाचली असती का? माहीत नाही. हे 'माहीत नाही' मी ढालीसारखं पुष्कळ दिवस वापरलं. वापरून वापरून तिला भोक पडलं.

मधल्या काळात दिलीपलाही ताप आला. त्याची तपासणी झाली, पॉझिटिव्ह. तरणा गडी, बरा झाला. पण गावाचा निकाल तेवढ्यात लागून गेला होता. टोळीचा रिपोर्ट तर निगेटिव्ह होता! नगरच्या प्रयोगशाळेचा, आपल्या गावच्या पोरीनं केलेला! मग रोग आणला कुणी? रोज तालुक्याला कोण जातं? म्हातारीच्या शेजारी कोण बसलं होतं?

"दिलप्यानं मारली म्हातारी."

वस्तीवरच्या लोकांनी त्याच्या गाडीत कॅन ठेवायचं बंद केलं. लाट ओसरली तरी बंदच. दूध नासलं तरी चालेल, पण दिलप्याच्या गाडीत नको. मास्क हनुवटीला लावून पारावर पत्ते कुटणारी ही माणसं एकाएकी आरोग्याची राखणदार झाली. मला त्यांची शिसारी आली. केवढी शिसारी! आणि ती येत असताना मला पक्कं माहीत होतं, की त्यांच्या हातातला दगड मीच दिलेला आहे.

मला 'माहीत होतं' म्हणते, कारण सखूमावशी गेल्यावर मी ते नमुने पुन्हा काढले. अतिथंड कपाटात ठेवलेले असतात. दुपारची जेवायची सुट्टी होती, हॉल रिकामा. न फोडलेला नव्या टिपांचा डबा घेतला. पाचही जण वेगवेगळे घातले. चौघांच्या रेषा सपाट. सखूमावशीची चढली. एकटीची, आणि एकत्र नळीतल्यापेक्षा कितीतरी लवकर.

म्हणजे लागण खरी होती. शाळेत बसली होती तेव्हाच होती, दिलीपची गाडी यायच्या आधी. दिलीपला ती तिच्याकडूनच मिळाली असणार. आणि माझ्या धुतलेल्या टिपा? त्या स्वच्छ होत्या. पाचांत पातळ झालेला इतकासा विषाणू त्यांनी बरोबर पकडून माझ्या पडद्यावर आणून दाखवला होता. पद्धत कुठंच चुकली नव्हती. मी जी पद्धत वाचवायला खोटं बोलले, तिला वाचवायची गरजच नव्हती.

त्या क्षणी मला काय वाटलं असेल? रडले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. आधी मला आनंद झाला. हो, झाला. आधी आनंद — टिपा स्वच्छ आहेत! — आणि त्याच्यामागून, पुष्कळ मागून, सखूमावशी. या क्रमाची मला जेवढी किळस वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

त्या खात्रीवर मी पुढं गेले. नीट प्रयोग मांडले, नव्या आणि धुतलेल्या टिपा शेजारी शेजारी तपासल्या, परिषदेत वाचून दाखवलं. पुण्याच्या त्या माणसानं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ज्या नमुन्यानं मला पहिली खात्री दिली, तो नमुना तेवढा मी कुठंच दाखवला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. घाईतली चूक, ताण, साथीचे दिवस, कोण काय बोलणार? पण हा नाही. एवढा वेळ मी ज्याच्याभोवती फिरतेय तो पुढंच आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी दिलीप मला भेटायला आला. प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर उभा, आत यायला तयार नाही. वाळला होता. आम्ही एका वर्गात होतो हो! माझ्या पाठीवरची गोणीवरची अक्षरं जी पोरं मोठ्यानं वाचायची, त्यांच्यात तो नव्हता. मास्क वर ओढून, चार हात लांब राहून बोलला.

"ताई, लोकं लई बोलत्यात. मला त्येचं काय न्हाई. पर तू यातलं शिकलीस, म्हनून इचारतो. म्हातारीला माझ्याकडनं लागलं का? तू सांगशील ते मी खरं धरीन."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. 'नाही.' एवढाच शब्द. यंत्रानं दिलेला, दोनदा तपासलेला.

पण 'नाही' म्हटलं की तो विचारणार — मग कुणाकडनं? तुला कसं म्हाईत? आणि ते गावात जाणार. आणि ती परिषद अजून व्हायची होती, तोंडावर आलेली.

मी म्हणाले, "सांगता येत नाही, दिलीप. शक्यता असते."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "व्हय. मला बी तसंच वाटत हुतं. त्या दिशी मास्क न्हवता मी नीट लावला." मग इकडं तिकडं बघत म्हणाला, "बरं झालं तू खरं सांगितलंस. बाकीची नुस्ती समजूत काढत्यात." आणि पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. घरच्या म्हशीचं तूप. त्याच्या आईनं पाठवलेलं.

मी ते घेतलं. घरी नेलं. खाल्लं.

त्यानंतर कुणी विचारलं की दिलीप स्वतःच सांगायला लागला — माझ्यामुळंच गेली म्हातारी, ताईनं सांगितलं. त्याला तोडायला गावाला आणखी काय पाहिजे? त्यानं गाडी विकली. आता चाकणला एका कंपनीच्या फाटकावर उभा असतो. सखूमावशीच्या वर्षश्राद्धाला आला होता, तेव्हा पंगतीत न बसता बाहेरच्या बाहेर पाया पडून गेला. आणि त्याच उन्हाळ्यात फाट्यावर माझा फ्लेक्स लागला. ज्या हातांनी दिलीपच्या गाडीतून कॅन उतरवले, त्याच हातांनी मला शाल घातली. मूर्ख माणसं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हसले. त्यांना निदान माहीत नव्हतं.

मी कष्टानं वर आले याचा मला अभिमान होता, अजून आहे. तो खोटा नाही. पण वर येताना ज्याच्या खांद्यावर पाय दिला तो कुणी सावकार नव्हता, मुकादम नव्हता, पुण्याचा तो शहाणा नव्हता. माझ्याच वर्गातला, माझ्यावर विश्वास टाकणारा माणूस होता. वरच्यांचा तिरस्कार करत करत मी नेमकं त्यांच्यासारखं वागायला शिकले, आणि चांगल्या मार्कांनी शिकले.

हे कागद आधी दिलीपच्या हातात जातील, मग छापायला. तो काय म्हणेल ते तुम्हाला कळणार नाही. ते त्याचं आहे.

पद्धत आता पक्की झाली आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात लाल पिशव्यांचे ढीग लागत नाहीत. टिपा धुतल्या जातात, तपासल्या जातात, पुन्हा वापरल्या जातात. शेवटाला जराशी उचललेली रेषही आमच्याकडं आता कुणा एकट्याला सोडून देता येत नाही. दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय रिपोर्ट बाहेर पडत नाही. नमुन्यात विषाणू अगदी थोडा असला तरी तो सापडतो. सखूमावशीच्या नमुन्यातही सापडला होता, दिलीप गाडी घेऊन शाळेपाशी यायच्या आधी.